लिहून दिलेलं नाही

ऑर्फा केटरमन गेल्या आठवड्यात ब्याऐंशीची झाली आणि अजून सफरचंदाच्या झाडाला शिडी लावून स्वतः चढते. खाली कोणी शिडी धरायला गेलं की वरून ओरडते, "शिडी सोड, झाड तुझ्यापेक्षा धडधाकट आहे." रस्त्याकडेला तिची फळांची टपरी आहे. गिऱ्हाइकानं फळ अंगठ्यानं दाबून पाहिलं तर ती ते फळ त्याच्याच हातात ठेवते आणि आता हे तू खायचंस म्हणते. खोऱ्यातले निम्मे लोक तिला भितात, उरलेले तिचे नातेवाईक आहेत.

या बाईनं अकरा वर्षं डूख धरला. नागीण परवडली. आणि तो कुणाच्या हातून सुरू झाला हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण या जिल्ह्यात शिकारीवर नजर ठेवणारा वॉर्डन एकतीस वर्षं मीच होतो.

कायदा साधा आहे. दुसऱ्याच्या जमिनीत हरीण मारायचं तर मालकाची लेखी परवानगी खिशात हवी. ओहायो राज्यात हे सगळ्यांना पाठ आहे आणि आमच्या टॅनर्स फोर्कच्या खोऱ्यात ते कुणीच पाळत नसे. आमची रीत वेगळी. मोसमातलं पहिलं हरीण पडलं की त्याच्या पाठीचे दोन लांब, मऊ पट्टे कापायचे, खाकी कागदात गुंडाळायचे आणि रानाच्या मालकाच्या ओट्यावर नेऊन ठेवायचे. त्यानं ते आत नेले की पुढच्या वर्षाची परवानगी झाली. शब्द नाही, सही नाही. चुकून कुणी कागद दिलाच, तर तो देणाऱ्याच्या तोंडावर उघडून वाचायचा नाही. शेजाऱ्याचा कागद त्याच्यासमोर वाचणं म्हणजे त्याला खोटारडा म्हणणं. एवढ्यावरून आमच्याकडे सोयरिकी मोडल्या आहेत.

ऑर्फाचा नवरा एल्डन तीस वर्षं रॉस्को टिड्रिकच्या रानात जायचा. रॉस्को म्हणजे कुंपणाला लागून असलेला शेजारी. त्याच्याकडे जुने ओक होते, खाली फळांचा सडा, तिथं हरीण हमखास यायचं. केटरमनांचं रान तेव्हा कोवळं होतं. एल्डन मवाळ माणूस, रविवारी चर्चच्या दारात उभा राहून आल्यागेल्याचा हात हातात घेणारा. तीस वर्षांत त्याचा पट्टा टिड्रिकांच्या ओट्यावर पोचला नाही असं एकदाही झालं नाही.

मग रॉस्कोच्या डोक्यात वेगळंच शिजलं. शहरातले हौशी शिकारी मोठ्या शिंगांसाठी सबंध रान भाड्यानं घेतात हे त्याला कळलं. त्यांची अट एकच, गावातलं कोणी आत दिसता कामा नये. एल्डनला तसं तोंडावर सांगायला जीभ रेटेना, म्हणून त्यानं मला फोन केला. म्हणाला, "मर्ल, माझ्या रानात कोणीतरी बिनकागदाचा शिरलाय."

मी गेलो. ओकाखाली एल्डन उभा, पायाशी हरीण, पट्टे आधीच कापून बाजूला ठेवलेले. मला पाहून हसला. कागद मागितला तर म्हणाला, "कसला कागद? रॉस्कोला विचार की." रॉस्को तिथंच होता, झाडाला टेकून. मी त्याला विचारलं, "याला लिहून दिलंयस का?"

रॉस्को खाली बघून म्हणाला, "मी याला कधीच लिहून दिलेलं नाही."

शब्दशः खरं होतं. मी पावती फाडली. एल्डनच्या बापाची बंदूक जप्त झाली, परवाना गेला, आणि जिल्ह्याच्या साप्ताहिकात कोर्टाच्या यादीत 'चोरटी शिकार' या मथळ्याखाली त्याचं नाव छापून आलं. वर दारू पिऊन गाडी ठोकणारा, खाली कुणाच्या तरी कोंबड्या पळवणारा, मधे एल्डन केटरमन. पुढच्या रविवारपासून तो चर्चच्या दारात दिसला नाही. नंतर बियाण्याच्या दुकानातही येईना. दोन वर्षांत गेला. डॉक्टर काळीज म्हणाले. ऑर्फा म्हणाली, "काळीजच. पण ते कुणी खाल्लं ते मला माहीत आहे."

मयताच्या दिवशी रॉस्को शिजवलेल्या डुकराच्या मांसाचं मोठं भांडं घेऊन आला. ऑर्फानं ते घेतलं, आभार मानले, सगळ्यांदेखत मागच्या दारी जाऊन कुत्र्यांपुढे ओतलं, भांडं घासूनपुसून परत आणून दिलं. 

त्यानंतर तिनं आपलं रान बंद केलं. झाडाझाडाला पाट्या ठोकल्या, सख्ख्या पुतण्यालाही बंदूक घेऊन आत पाऊल टाकू दिलं नाही. रान वाढलं, दाट झालं. शरदात सफरचंदांचा रस काढून झाला की उरलेला चोथा ती गाडीत भरायची आणि रॉस्कोच्या कुंपणालगत फेकत जायची. मी एकदा विचारलं, हे काय चाललंय म्हणून. म्हणाली, "मुकी जनावरं आहेत, खाऊ दे. त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही." अकरा वर्षांत त्या रानात हरणांचं सैन्य उभं राहिलं. मी वॉर्डन, माझ्या डोळ्यांदेखत ती ते पोसत होती आणि कायद्यात तिला अडवायला काही नव्हतं.

रॉस्कोचे शहरी शिकारी दोन मोसमांत कंटाळून गेले. मग त्यानं रान तोडून विकायला नाताळची झाडं लावली. ते झाड माणसाच्या उंचीचं व्हायला सात-आठ वर्षं जातात. त्यानं दर उन्हाळ्यात कात्री घेऊन एकेक झाडाला आकार दिला, पोरांचे केस कापावेत तसा. गेल्या डिसेंबरात पहिली तोड व्हायची होती. त्याची बायको आजारी, मुलगा परगावी, म्हातारपणाचा आधार म्हणून जे काही होतं ते त्या उतारावर उभं होतं.

सप्टेंबरात नर हरणं आली आणि त्या झाडांवर शिंगं घासू लागली. एका फटक्यात बुंध्याची साल निघते, झाड एका बाजूनं नागडं. असलं झाड घरात कोण उभं करतं? रॉस्कोनं सरकारातून नुकसान थांबवायचा परवाना काढला, बारा हरणं मारायचा. पण हरणं काय परवाना वाचतात? एक गोळी झाडली की कुंपण ओलांडून ऑर्फाच्या रानात, दिवसभर तिथंच रवंथ करत बसायची. तो माझ्याकडे आला. मी म्हटलं, "तिच्या रानात मारायचं तर ऑर्फाकडून लिहून आण."  तो टोपी घालून निघाला.

पुढचं मला ऑर्फानंच रंगवून सांगितलं. पहिल्या दिवशी तो ओट्यावर उभा राहून पुटपुटला तर ही म्हणाली, "मोठ्यानं बोल, कान गेलेत माझे." तीन शेतांपलीकडे सफरचंद पडलं तरी हिला ऐकू येतं. त्याला परवानगी हा शब्द तीनदा उच्चारायला लावला. दुसऱ्या दिवशी घरात पेन नव्हतं. तिसऱ्या दिवशी चष्मा सापडेना. तो शोधेपर्यंत रिकामा कशाला बसतोस म्हणून टबभर सफरचंदं त्याच्यापुढे सरकवली. पंचाहत्तरी ओलांडलेला गडी दुपारपर्यंत खाली मान घालून साली काढत बसला. साल जाड निघतेय म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळीच. टब संपला तेव्हा चष्मा सापडला. तो तिच्या कपाळावरच होता.

चौथ्या दिवशी तिनं कागद दिला. घडी घालून, मांस गोठवायच्या पारदर्शक पिशवीत घालून, वर ठळक अक्षरात त्याचं नाव. 

"पावसात भिजू नये म्हणून पिशवीत घातलाय," ती म्हणाली. "वाचायचा तर आत्ता इथंच वाच, मला राग नाही."

"छे गं, ऑर्फा. तुझा शब्द मला पुरे आहे."

"हो, शब्दाचं तुला पहिल्यापासून कौतुक."

तेवढ्यावर तरी त्याला शंका यायला हवी होती. पण माणूस गरजेला आंधळा होतो, आणि रीत तर आम्हा सगळ्यांच्या हाडात मुरलेली. त्यानं पिशवी तशीच छातीच्या खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. ऑर्फाचा आवाज, अगदी निवांत. "मर्ल, माझ्या रानात कोणीतरी बिनकागदाचा शिरलाय."

हे शब्द मी आधी कुठं ऐकलेत ते मला गाडीत बसल्यावर आठवलं. रानात पोचलो तर रॉस्को दोन हरणं पाडून, घामाघूम होऊन बसलेला. एकाचे पट्टे कापून खाकी कागदात गुंडाळूनही झाले होते, तिच्या ओट्यासाठी. मला बघून हसला. अगदी एल्डनसारखाच हसला. कागद मागितला. त्यानं ऐटीत पिशवी काढून दिली. मी घडी उघडली. खाली तारीख होती, सही होती, आणि वर एकच ओळ:

'मी रॉस्को टिड्रिक याला कधीच लिहून दिलेलं नाही. ऑर्फा केटरमन.'

मी वाचून दाखवलं. त्यानं कागद माझ्या हातातून ओढून घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग तोंडाला फेस आल्यासारखा बोलत सुटला. "तिनं दिला म्हणून मी घेतला! हा काय विश्वासघात आहे! या खोऱ्यात कागद कोण बघतो? परवानगी म्हणजे परवानगी. एल्डन तीस वर्षं माझ्या रानात आला, माझ्या मर्जीनं आला, त्याच्याकडे होता का कधी कागद?"

मी वही उघडली. "परत सांग, रॉस्को. सावकाश. लिहून घेतोय."

तेव्हा त्याला आपण काय बोललो ते कळलं. तो पडलेल्या ओंडक्यावर बसला. पण शब्द माझ्या वहीत उतरले होते, खाली त्याची सही मी घेतली. कोर्टात ते वाचून दाखवलं गेलं. बंदूक गेली, सरकारी परवाना रद्द झाला. डिसेंबर उजाडेपर्यंत उतारावरच्या दहातल्या आठ झाडांच्या साली लोंबत होत्या. रॉस्को आता मुलाकडे परगावी असतो. त्याची कीव येते का, असं मी ऑर्फाला विचारलं होतं. ती म्हणाली, "येते ना. पोट भरल्यावर कुणाचीही येते."

साप्ताहिक छापून आलं त्या दिवशी मी ते घेऊन तिच्याकडे गेलो. या वेळी यादी नव्हती, चांगली मोठी बातमी होती, आणि रॉस्कोचं वाक्य जसंच्या तसं: एल्डन तीस वर्षं माझ्या रानात आला, माझ्या मर्जीनं आला. ऑर्फानं ते दोनदा वाचलं. वर्तमानपत्राची घडी घातली, एल्डनच्या खुर्चीत ठेवली. मला वाटलं, आता रडेल. मी टोपी काढून उभा राहिलो. खरं सांगायचं तर मला थोडी शाबासकीही हवी होती.

"रॉस्कोचं झालं," ती म्हणाली. "आता तुझं."

"माझं काय?"

"एल्डनला धरलंस त्याच्या आदल्या वर्षी, नाताळच्या सुमारास रॉस्कोच्या घरी जेवायला कोण होतं?"

मी होतो. टेबलावर एल्डनचा पट्टा होता, कांद्यावर परतलेला. रॉस्को स्वतः म्हणाला होता की एल्डननं या वर्षीही आठवणीनं आणून ठेवला. मी दोनदा वाढून घेतला होता.

मी कायद्याचं काहीतरी बोलू लागलो. तिनं बोट वर केलं. "तुला सगळं माहीत होतं, मर्ल. म्हणून तर तू त्याला 'परवानगी दिलीस का' असं विचारलं नाहीस. 'लिहून दिलंस का' असं विचारलंस. त्याला तोंडी खोटं बोलावं लागलं असतं, तर कदाचित बोलला नसता. तू त्याला वाट काढून दिलीस."

असला प्रश्न मी का विचारला? रॉस्कोच्या रानात मीही जायचो. त्या शहरी लोकांबरोबर माझीही जागा राहील असं त्यानं आधीच सुचवलं होतं. तेव्हा मी हे स्वतःशीही कबूल केलं नाही. कायदा बोलतोय असं म्हणून मोकळा झालो. एल्डन मवाळ माणूस होता, भांडणार नाही हेही मला माहीत होतं.

तिनं टेबलाच्या खणातून कागद काढला, त्यावर पेन ठेवलं. त्या घरात पेन हवं तेव्हा सापडतं. "लिहून दे," म्हणाली. मला जमलं नाही. नंतर देतो म्हणालो. ती म्हणाली, सावकाश दे, मला थांबायची सवय आहे.

वसंतात मी निवृत्त झालो. अजून तिच्या टपरीवर जातो, अजून ती मला सफरचंदं विकत नाही. माझ्या मागे उभ्या असलेल्याला आधी देते, मग फळ्या लावून टाकते.

म्हणून हे लिहिलं. मी मर्ल हॅथॉर्न, एल्डन केटरमनला परवानगी होती हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून मी त्याला चोर ठरवला. खाली सही केली आहे, तारीख घातली आहे. उद्या सकाळी पिशवीत घालून तिच्या ओट्यावर नेईन. ती मला बस म्हणणार नाही. माझ्यासमोर पिशवी उघडेल, चष्मा लावेल आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून काढेल, मी तिथं उभा असताना.