बंद बटणाचा झोन

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. असल्या अनुभवांखाली "भाऊ, वायरिंग चेक कर" अशी कमेंट टाकणाऱ्यांतला मी... आता माझ्यावरच लिहायची पाळी आलीये. हसा खुशाल!

देवनहळ्ळीकडच्या एका लेआउटमध्ये आमचं घर. मी, बायको मुक्ता आणि नागपूरहून आणलेली माझी आई. बेंगळुरूत घर तापवायचं म्हटलं की मित्र खो-खो हसतात. पण इथं डिसेंबरात सकाळी फरशीवर पाय टेकून बघा म्हणावं! आईचे गुडघे धरायचे. तिनं सरळ सांगितलं होतं, "हा हिवाळा निभला तर राहीन, नाही तर माझं नागपूर बरं." मला तिला तिकडं एकटं ठेवायचं नव्हतं. म्हणून फरशी उखडून खाली तापणाऱ्या वायरी टाकल्या. तीन झोन — हॉल, आईची खोली, आईचं बाथरूम. प्रत्येकाचा थर्मोस्टॅट वेगळा, सगळे फोनवरच्या अ‍ॅपला जोडलेले. शेड्यूल मी स्वतः बसून सेट केलं.

आणि आईनं ते रोज मोडलं! खोलीतून बाहेर पडताना भिंतीवरची बटणं बंद करायची, ही आमच्या घरची शिस्त. ती थर्मोस्टॅटचं मेन बटणही खट्कन बंद करायची. की अ‍ॅपवर तो झोन ऑफलाइन.

"आई, ते कायम चालू ठेवायचं असतं गं!"

"काहून बाप्पा? तिथं कोणी बसलं आहे का?"

मी परत चालू करायचो, ती परत बंद!

त्या दिवशी मुक्ता चेन्नईला होती. मी बेळ्ळंदूरच्या ऑफिसला निघालो. निघताना पाहिलं, बाथरूमचा झोन ऑफलाइन. म्हटलं, जाऊ दे. हेब्बाळच्या अलीकडे फोन वाजला — 'बाथरूम झोन : हीट हवी.' मी मेसेज उडवला. परत तोच. परत... परत! अरे, बटण बंद आहे तर हा बोलतोय कुठून? आईला फोन लावला. उचलेना.

"मंजूअण्णा, गाडी वापस लो," मी ड्रायव्हरला म्हटलं.

"सरी सर, यू-टर्न स्वल्प आगे है."

तो यू-टर्न काही केल्या येईचना.

घरी पोचलो तर आई बाथरूममध्ये पडली होती. शुद्धीत होती, पण खुबा मोडलेला, अंगावर ओलं लुगडं. मी शेजारी गुडघे टेकले. फरशी छान गरम होती. म्हटलं, देवा, निदान हे तरी चालू राहिलं. अँब्युलन्स बोलावली आणि टॉवेल घ्यायला उठलो, तेव्हा भिंतीकडे नजर गेली. बटण बंद. थर्मोस्टॅटचा पडदा काळाठिक्कर. मी परत फरशीला हात लावून पाहिला. गरमच.

डॉक्टर म्हणाले, गार फरशीवर तशी ओली पडून राहिली असती तर अवघड होतं. ज्यानं सिस्टिम बसवली त्यानं सगळं उघडून पाहिलं. "सर, बटण बंद म्हणजे करंटच नाही." मी त्याला फोनवरचे मेसेज दाखवले. त्यानं परत एकदा बटण उघडून पाहिलं.

आईला विचारलं. "बटण मीच बंद केलं होतं, पक्कं आठवते मले. लय थंडी वाजत होती. वाटलं, संपलं आता... मंग खालून ऊब आली." एवढंच म्हणाली आणि चहा मागितला.

आई इथंच राहिली. वॉकर घेऊन फिरते आणि बटणं अजूनही बंद करते. मी आता तोंड उघडत नाही. पण ती अंघोळीला गेली की माझा जीव थाऱ्यावर नसतो. फोन हातात घेऊन त्या 'ऑफलाइन'कडे बघत बसतो. मेसेज येऊ नये, असं वाटतं... आणि वेळ आलीच तर यावा, असंही.

वायरिंग चेक केलंय. दोनदा.