चौकात लागलेलं माझं ऑपरेशन

आधी तोंडातला चहा गिळून घ्या, मग सांगतो. नाहीतर नाकातून बाहेर येईल आणि दोष मला लागेल. अहो, म्हातारपणी माणसं घरच्या किल्ल्या विसरतात, चष्मा शोधत बसतात. मी काय केलं? न झालेल्या ऑपरेशनची मिरवणूक काढली! होय, हलगी लावून!

मी नाना. उभी नोकरी लाल डब्याच्या स्टेअरिंगवर काढली. शाहूवाडीकडचे घाट भर पावसात उतरलो, पण गाडीला कधी ओरखडा नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला कपाटात आहे. आल्यागेल्याला दाखवतो. तुम्हालाही दाखवीन, जरा थांबा.

तर सत्तरी ओलांडल्यावर लघवीचा त्रास सुरू झाला. थांबून थांबून व्हायची. राजारामपुरीतल्या डॉक्टर मॅडमनी रक्त तपासलं, मग बारीक तुकडा काढून तपासला आणि रिपोर्ट बघून म्हणाल्या, "नाना, प्रोस्टेट ग्रंथीत कॅन्सर दिसतोय. घाबरू नका. सोमवारी काकूंना घेऊन या, पुढं काय करायचं ते मिळून ठरवू."

कॅन्सर म्हटल्यावर माझे कानच मिटले. खोटं कशाला सांगू, घाबरलो. तसाच रिक्षात बसलो आणि पेठेतल्या आमच्या तालमीपाशी उतरलो. तालमीत आता कुस्ती कमी आणि गप्पा जास्त. कट्ट्यावर माझा जुना मित्र रशीद बसला होता. त्याचं डिजिटल बोर्डांचं दुकान आहे. पेठेत कुणाचा वाढदिवस असो की कुणाच्या म्हशीनं बक्षीस मिळवलेलं असो, बोर्ड रशीदचाच.

"काय म्हनल्या मॅडम?" त्यानं विचारलं.

"कॅन्सर हाय."

कट्ट्यावरची माणसं गोळा झाली. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. आता तुम्हीच सांगा, कोल्हापुरात जन्म घेऊन एवढ्या माणसांपुढं "सोमवारी चर्चा आहे" असं म्हणायला तोंड होतं का मला?

"सोमवारी ऑपरेशन!" मी मांडीवर थाप मारली. "जातोय आणि चितपट करून येतोय!"

"नाद खुळा!" रशीद ओरडला आणि तडक दुकानाकडं सुटला.

झालं! रविवारी सकाळी चौकात हा भला मोठा बोर्ड. मधोमध फेट्यातला मी, मागं वाघ. 'आजाराला अस्मान दाखवण्यास सज्ज, पेठेचा ढाण्या वाघ नाना!' खाली शुभेच्छुक म्हणून अख्ख्या तालमीचे चेहरे. खरं सांगतो, छाती फुगली. भीती होती ती कुठल्या कुठं पळाली. असा गाव कुणाला मिळतो हो?

बायको, शालन, बोर्डाखाली उभी राहून वर बघत होती.

"अवो, ऑपरेशन ठरवलं कुणी?"

"ठरल्यातच जमा हाय की."

"मॅडमनी?"

मी वाघाकडं बघत राहिलो.

सोमवारी माझा मेहुणा नेसरीहून काखेत कोंबडा घेऊन हजर. ऑपरेशननंतर ताकद यायला नको का? तालमीपुढं नारळ फुटला, हलगी कडाडली आणि रशीदच्या टेम्पोतून सगळी फौज माझ्या रिक्षामागं दवाखान्याच्या दारात. वॉचमननं हात जोडले तेव्हा हलगी थांबली.

आत मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. "तुमचा कॅन्सर लहान आहे, ग्रंथीच्या आतच आहे आणि सावकाश वाढणाऱ्यातला आहे. ऑपरेशन करता येतं, लाइट म्हणजे किरणोपचारही देता येतात. पण तुमचे रिपोर्ट आणि वय बघता सध्या नुसती नजर ठेवणं हाही चांगला मार्ग आहे. वेळच्या वेळी रक्त तपासायचं, गरज पडली तर पुन्हा तुकडा. वाढतोय असं दिसलं की उपचार सुरू. लघवीसाठी गोळी देते."

"म्हंजे काहीच करायचं न्हाई?"

"नजर ठेवणं म्हणजे काहीच न करणं नव्हे, नाना. प्रत्येकाला ते चालत नाही. तुम्हाला चालेल."

"मॅडम, तेवढं ऑपरेशन कराच. बाहेर मान्सं हुबी हायत!"

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी पुढं काही बोलायच्या आत शालन सरसावून बसली. सातवी शिकलेली माझी बायको, पण काय एकेक प्रश्न! ऑपरेशननंतर काय त्रास? "काहींची लघवी गळते, बरं व्हायला वेळ लागतो." नजर ठेवण्यात धोका काय? "तपासण्या चुकवल्या तर मोठा धोका." मग मन बदललं तर? "कधीही बदला."

शालन माझ्याकडं वळली. "जल्मभर गाडी हाकलीसा. मागनं लोकं हारन मारत्यात म्हनून कधी घाटात ओव्हरटेक केलासा?"

"न्हाई."

"मग आज का? मला तुम्ही घरात पायजेत, बोर्डावर न्हाई."

तिचे डोळे भरून आले. रिपोर्ट आल्यापासून ती रडली नव्हती. तिच्या मनात काय चाललंय हे मी विचारलंही नव्हतं, मी फेट्यात मग्न! पण सांगतो, त्या खुर्चीत मला तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा त्या बिल्ल्याचाही कधी वाटला नाही. "ठरलं," मी म्हणालो. "नजर ठिवायची."

एवढा शहाणपणा आत आला, तो दाराबाहेर टिकायला नको? बाहेर आलो तर सगळे उभे!

"झालं?" रशीदनं विचारलं.

माझा हात आपोआप पोटावर गेला. "व्हय."

"इतक्यात?"

"लेझर असंल!" मेहुण्यानंच परस्पर उत्तर दिलं. शालननं असं बघितलं माझ्याकडं, की खरोखर पोटात कळ आली.

घरी येऊन चादर ओढून पडलो. बघायला माणसांची रीघ. मी कण्हतोय, मेहुणा कोंबड्याचा पांढरा रस्सा पाजतोय, लोक "डाग कुठं हाय?" विचारतायत आणि शालन कोपऱ्यातून म्हणतेय, "दाखवा की!"

संध्याकाळी गल्लीत आरडाओरडा. रशीद दुसरा बोर्ड घेऊन आला होता, 'शस्त्रक्रिया यशस्वी!' आणि वळणावर त्याचा टेम्पो अडकला होता. "डावीकडं घे!" "आरं, उजवीकडं!" वर गिअर असा करकरतोय, की ड्रायव्हरच्या काळजाचं पाणी व्हावं. किती सोसायचं माणसानं?

चादर फेकली, दोन-दोन पायऱ्या उतरलो, रशीदला बाजूला सारलं, उडी मारून बसलो आणि एका दमात टेम्पो रिव्हर्समध्ये बाहेर काढला. भिंतीला ओरखडा नाही! काच खाली करून विजयी मुद्रेनं बघितलं.

सगळी गल्ली माझ्या पोटाकडं बघत होती.

"नाना," रशीद हळूच म्हणाला, "टाकं?"

आता कुठं पळणार? टेम्पोतूनच सगळं सांगितलं. कॅन्सर आहे, ऑपरेशन नाही, तपासण्या करत राहायच्या, आणि माझी अक्कल शालनकडं गहाण आहे. वाटलं, आता हसून हसून मारतात. हसलेच मेले! पण गर्दी पांगल्यावर रशीदनं मला टेम्पोमागं ओढलं.

"नाना, मला बी थांबून थांबून हुतंय. वरीस झालं. कुनाला सांगनार?"

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावरचा आणखी एक जण. मग आणखी. शेवटी मीच त्यांना टेम्पोत घालून मॅडमकडं नेलं. बहुतेकांना साधाच त्रास निघाला. एकाचा कॅन्सर मात्र वेळेत सापडला, आता त्याचे उपचार चाललेत. माझ्या तपासण्या मी चुकवत नाही, शालन चुकवू देत नाही. आजार आहे तिथंच आहे. सांगताना छाती फुगते हो, का नाही फुगणार?

रशीदनं आपल्या परीनं उपकार फेडले. चौकात तिसरा बोर्ड! तोच फेटा, तोच वाघ, आणि खाली 'लघवीचा त्रास? लाजू नका, नानांना भेटा!'

परवा नातीला बघायला पावणे आले. चौकात त्यांनी विचारलं, "विनाअपघात बिल्लावालं ड्रायव्हर नाना कुठं ऱ्हात्यात?" कुणालाच माहीत नाही! मग पानवाला म्हणाला, "आवो, लघवीचं नाना म्हना की! सरळ जावा." मी गॅलरीतून ऐकलं आणि हात वर केला, "या पावणं, ह्योच पत्ता!"

बैठक बसली. मुलाचे आजोबा माझ्याकडं टक लावून बघत होते. म्हटलं, जाणकार माणूस दिसतोय. बिल्ला काढायला आतल्या खोलीत गेलो, कपाट उघडलं, तर आजोबा मागोमाग आत आले आणि दार लोटून कानाशी म्हणाले,

"बिल्ला ऱ्हाऊ द्या पावणं. त्या मॅडम दवाखान्यात कधी असत्यात?"