दिल्लीतली आमची पंचवीस मेंढरं

"आजी, पंचवीस दाखवा. कोणती पंचवीस?"

डॉक्टरांनी बर्फाच्या डब्यातून बाटली काढून लस कालवली होती. एकदा कालवली की ती तास-दोन तासांत टोचून संपवावी लागते. मेंढरांभोवती लावलेल्या जाळीत, कोकरं धरून, त्रेसष्ट जनावरं उभी होती. जाळीबाहेर बाभळीखाली दोन मरून पडली होती आणि तिसरी पाय झाडत होती. बुळकांडी आली होती. आधी नाकातून शेंबूड, मग तोंडात फोड, मग हगवण, आणि चार-पाच दिवसांत जनावर संपतं.

"समद्यांना थोडी थोडी द्या की," मी म्हणाले.

"चहा आहे का आजी, वाटून द्यायला? आणि आजारी दाखवू नका. तिला देऊन उपयोग नाही."

माझा म्हातारा बांधावर जाऊन पाठ करून बसला. त्याच्यानं बोट उचलवेना. मग मी दाखवली. आधी गाभण, मग दूध देणाऱ्या, मग एक मेंढा. कोकरं मागं ठेवली. त्या मेंढरांवर आमचं घर चालतं, दुसरं काही नाही. रानही नाही.

डॉक्टर हात धुवायला लागले तेव्हा मी विचारलं, पंचवीसच का आणली? त्यांनी मोबाईल दाखवला. यादीत आमच्या नावापुढं पंचवीस होतं.

तो आकडा माझाच होता. जनावरांची गणना करायला एक बाई स्कूटीवरून आली होती. म्हातारा मेंढरं घेऊन फुलंब्रीकडं चारायला गेलेला. बाईनं विचारलं, मेंढ्या किती? मी म्हणाले, असतील पंचवीस. आमच्यात मेंढरांचा खरा आकडा तोंडानं बोलत नाहीत. बोललं की कळप घटतो, असं माझी सासू सांगायची, तिची सासू सांगायची. आम्ही मोजतही नाही. संध्याकाळी जाळीत घालताना तोंडं बघतो, कोण आलं नाही ते कळतं. वस्तीवरच्या सगळ्यांनीच असं अर्ध्याहून कमी सांगितलं होतं. त्या बाईला मी चहा पाजला आणि ती गेली. मी विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आणखी चार गेली. मी फुलंब्रीहून बस धरली आणि शहरात जिल्ह्याच्या जनावरांच्या ऑफिसात गेले. साहेब मीटिंगमध्ये होते. मंत्रालयातले मोठे साहेब पडद्यावर दिसतात आणि इकडचे सगळे त्यांना उत्तरं देतात, अशी ती मीटिंग. दोन तास बाकावर बसले. शिपाई दोनदा म्हणाला, "मावशी, उद्या या."

"उद्या माझी आणखी चार मरतील. तू येतोस का मेलेली वढायला?"

साहेब बाहेर आले. माणूस बरा होता, खुर्ची दिली. मी म्हणाले, दिल्लीच्या मंत्र्याला फोन लावा, लस त्यांचीच आहे ना?

"त्यांचीच आहे. पण लावून काय होईल ते सांगतो. मंत्री आपल्या सचिवाला विचारतील. सचिव म्हणजे त्या खात्याचा सगळ्यात मोठा अधिकारी, हुकूम तो काढतो. तो मुंबईला विचारील. मुंबईवाले पुण्याला आमच्या आयुक्तांना. आयुक्त मला. आणि मी यादीत तुमच्या नावापुढं बघणार."

"पंचवीस."

"पंचवीस. तुमचा आकडा याच वाटेनं वर गेला आणि लस याच वाटेनं खाली आली."

"म्हंजी एवढे समदे सायेब, आन शेवटी मलाच इचारणार?"

"व्हय आजी," साहेब हसले. मला हसू आलं नाही.

मला वाटायचं, सरकार म्हणजे वर कुणीतरी बसलेलं आहे आणि त्याला सगळं दिसतं. तसं काही नसतं. वरच्याला खालच्यानं सांगितलेलं माहीत असतं, त्याला त्याच्या खालच्यानं. सगळ्यात खाली मी होते, आणि मी खोटं सांगितलं होतं. ज्याला त्याला आपापलं काम नेमून दिलं होतं, आणि ते त्यांनी केलं होतं.

"जिल्ह्यातल्या जिल्ह्यात लस हलवायला माझी सही पुरते," साहेब म्हणाले. "पाचोडच्या दवाखान्यात एक पन्नासाची बाटली शिल्लक आहे. पण मला कागद लागेल. किती जनावरं आहेत ते खरं लिहून द्या."

मी चौथी शिकलेली. अर्ज मीच लिहिला. आकड्याच्या जागी पेन थांबलं. सकाळी जाळीत बघितलेली तोंडं एकेक आठवत बोटांवर धरली. आयुष्यात पहिल्यांदा मोजली. एकोणसाठ लिहिलं आणि सही केली.

घरी येऊन जावेला सांगितलं. तिचाही कळप आजारी होता. म्हटलं, तूही जाऊन खरं लिहून दे.

"मी नाय लिहायची. तू लिहिलंस ना? आता बघ, एक शिल्लक ऱ्हायची नाय. सासूबाई असत्या तर हात तोडला असता तुझा."

"सासूबाई लस टोचायला येत्यात का?"

ती तोंड फिरवून गेली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर पाचोडची बाटली घेऊन आले. तोवर आमची न टोचलेली सव्वीस उरली होती. मी एकेक धरत होते. बघते तर जावेची सून शेजारच्या जाळीची दोरी सोडून त्यांची मेंढरं आमच्यात ढकलत होती, आणि जाऊ लांब उभी राहून भलतीकडं बघत होती.

"आजी, या कोणाच्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्याच," मी म्हणाले.

त्यांनी जावेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि बाटली संपेपर्यंत टोचत राहिले. कागदावर माझ्या नावावर आणखी पन्नास चढली. म्हणजे आता दिल्लीत माझी पंचाहत्तर आहेत.

लस लागू पडायला आठ-दहा दिवस जातात. तेवढे दिवस रोज कुणी ना कुणी मरत होतं. पहिल्या पंचवीसांतलीही मेली, त्यांच्या अंगात रोग आधीच शिरला होता. म्हातारा खड्डे खणायचा आणि मी चुना टाकायचे.

त्रेसष्टांतली एकतीस जगली. पहिल्या पंचवीसांतली अठरा, नंतरच्यांतली तेरा. कोकरू एकही नाही. जावेच्या कळपातली किती जगली ते तिनं सांगितलं नाही. एकतीस मेंढरं आहेत. म्हातारा आहे. मी आहे.