धोंडबांच्या पुठ्ठ्यावरील सहा आज्ञा

१९८७ साली नागपुरातील आमच्या संगणक केंद्रात एकच मोठे यंत्र होते आणि चार कार्यालये ते वापरत. प्रत्येकाला आपले स्वतंत्र यंत्र असल्यासारखे वाटावे, म्हणून त्याच्या पोटात चार आभासी यंत्रे थाटली होती. त्यांचा कारभार पाहणाऱ्या प्रोग्रॅमांच्या संचाला आम्ही ‘लायब्ररी’ म्हणत असू. ती अरुंधतीबाईंच्या हाती होती. महाल भागातून सायकलने येणाऱ्या, भर मे महिन्यात यंत्रासाठी थंड ठेवलेल्या खोलीत स्वेटर घालून बसणाऱ्या, मोजके बोलणाऱ्या बाई.

रोज सकाळी यंत्रे सुरू करीत ते धोंडबा. इंग्रजी त्यांना अक्षरओळखीपुरते येई. सुरू, बंद, यादी अशा सहा आज्ञा त्यांनी मराठी अर्थासह एका पुठ्ठ्यावर लिहून ठेवल्या होत्या.

त्या उन्हाळ्यात आपल्यालाही यंत्र हवे, असा माती परीक्षण विभागाचा अर्ज आला. पाचवे आभासी यंत्र मावेल एवढी स्मृती, म्हणजे मेमरी, उरली नव्हती. केंद्रप्रमुख मधुकररावांनी नकाराचे पत्र टंकून घेतले.

“पूर्ण यंत्र नको, कप्पा देऊ,” अरुंधतीबाई म्हणाल्या. “नवं घर बांधायचं नाही. आहे त्याच घरात एक कुलपाची खोली.”

“आणि धोंडबांना नव्या आज्ञा कोण शिकवणार?”

“आज्ञा त्याच सहा राहतील. यंत्र की कप्पा, हे लायब्ररीने ओळखायचं.”

“पंधरा दिवस देतो. मग पत्र जाईल.”

बाराव्या दिवशी धोंडबांनी कप्पा सुरू केला. तो सुरू झाला. मग त्यांनी ‘बंद’ची आज्ञा दिली आणि सगळे यंत्रच थांबले. शेजारच्या दालनात पडद्यांसमोर काम करणारी चारही कार्यालयांची माणसे तणतणत बाहेर आली.

“मी तं एका खोलीची बत्ती बंद केली बाई,” धोंडबा म्हणाले, “इथं तं अख्खा मोहल्लाच अंधारात गेला न!”

आभासी यंत्र बंद करताना लायब्ररी आत निरोप धाडी, की आता थांब. कप्प्याला स्वतःचे यंत्र नव्हतेच. निरोप थेट मूळ यंत्राला पोचला होता. बाईंनी नोंदवहीत लिहिले, ‘चूक माझी’, आणि खाली सही केली.

कप्प्यासाठी सातवी आज्ञा वेगळी ठेवावी, असे मी सुचवले. काम एका दुपारचे होते.

“मग माझं काम धोंडबांच्या गळ्यात पडेल,” त्या म्हणाल्या.

तीन दिवसांत त्यांनी निरोपाची वाटच बदलली. कप्प्यातून मूळ यंत्र थांबवण्याचा अधिकार काढला, आणि आतली कामे लायब्ररीने बाहेरून एकेक आवरावीत अशी व्यवस्था केली.

पंधराव्या दिवशी मधुकरराव म्हणाले, “जेवणाच्या सुट्टीत पाहू.”

“नको. काम चालू असतानाच,” अरुंधतीबाई म्हणाल्या.

धोंडबांनी कप्पा सुरू केला; ‘बंद’ची आज्ञा देताना मात्र त्यांचे बोट कळीवर अडखळले. “पक्कं न बाई? नाही तं लोक मलेच मारायले येतील.”

“माझं नाव सांगा.”

त्यांनी कळ दाबली. कप्पा बंद झाला. शेजारच्या दालनातली टकटक क्षणभरही थांबली नाही. यादी मागितली, तेव्हा चार यंत्रे चालू आणि पाचव्या ओळीत, त्यांच्याच पंक्तीत, बंद असलेला कप्पा दिसला. मधुकररावांनी खणातले पत्र काढून फाडले.

धोंडबांनी पुठ्ठा पुढे केला. “आता याच्यात काय लिहू?”

“काहीच नाही.”

“काहीच नाही? मंग पंधरा दिवस तुम्ही करून काय राहिल्या होत्या, बाई?”

अरुंधतीबाई मोकळेपणाने हसल्या. पुढे केंद्र पाहायला कोणी आले, की आपण लिहिलेल्या शेकडो ओळी बाजूला ठेवून त्या तो सहा ओळींचा पुठ्ठाच दाखवीत.