ओव्हनला फुंकर

फूऽऽ, फूऽऽ. माझ्या बायकोच्या फुंकणीचा हा आवाज अजून कानात आहे. शेतातल्या चुलीत कपाशीच्या काड्या धुमसायला लागल्या की ती फुंकणी तोंडाला लावायची. जाळ उठायचा, वरची हिरवी वांगी फसफसायची. भरताची ती चव तिच्याबरोबरच गेली.

आता माझी फजिती ऐका. खुशाल हसा, मी रागावणार नाही.

लेक धुळ्याला दिलेली. तिचा फोन आला, "आबा, मायना हातनं भरीत खाईसन दोन वरीस व्हयनात."

मी बोलून गेलो, "रविवारले ये. मी करस."

बोललो खरा, पण मी राहतो मुलाकडे, मेहरूणला, तिसऱ्या मजल्यावर. तिथे चूल कुठली? सूनबाई म्हणाली, "आबा, ओव्हनमध्ये भाजा. या वर-खाली सळया आहेत ना, त्यांच्या आतली तार विजेनं तापते, मग सळई लाल होते." पुढेही ती काही सांगत होती. पण जाळातलं मला कोण काय शिकवणार?

रविवारी सूनबाई बाजारात गेली. मी वांग्यांना तेल चोळलं, आत ठेवली, बटण फिरवलं. सळया छान लाल झाल्या. थोड्या वेळानं बघतो तर काळ्या. विझला की जाळ!

मी दार उघडलं, वर्तमानपत्राची सुरळी केली आणि फुंकलं. तुम्हाला खोटं वाटेल, पण सळई हळूहळू लाल झाली. दार लावलं, पुन्हा विझली. पुन्हा फुंकलं, पुन्हा पेटली. तासभर मी खाली बसून ओव्हनला फुंकत होतो. मनात म्हटलं, आज ती असती तर तिला दाखवलं असतं.

लेक आली ती दारातच थांबली. "आबा, हाई काय करी ऱ्हायनात?"

"जाळ धरत नही बेटा."

मागून सूनबाई आली. तिनं पिशवी खाली ठेवली. "आबा, ताप पुरेसा झाला की सळई आपोआप बंद होते. कमी झाला की आपोआप लागते. तुम्ही दार उघडून ताप घालवत होता, म्हणून ती पेटत होती."

"म्हणजे माझ्या फुंकण्यानं..."

"वांगी थंड होत होती."

पण लेकीची चारची बस. होती तशी वांगी सोलली, मिरची-लसूण घालून ठेचली, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर तिला वाढली. ती खाली मान घालून जेवत होती.

"तुनी मायसारखं व्हयनं ना?"

तिनं मान डोलावली. मला इतका आनंद झाला की मी तिला आणखी वाढलं. तेही तिनं संपवलं.

मग मी पहिला घास घेतला. वांगं करकरलं. आतून कच्चं. आणि मीठ? मीठ घातलंच नव्हतं.

"बेटा, हाई तर..."

तिनं ताट उचलून ठेवलं, हात धुतले, माझ्या पाया पडली. मग पिशवी घेतली आणि बससाठी जिना उतरून गेली.