सेठी, खाली आओ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मधेच हसलात की मला लाज वाटते आणि पुढचं सांगवत नाही. तीन वर्षांच्या पोरालाही येतो असा एक साधा मराठी शब्द. त्या एका शब्दापायी मी दोन भल्या माणसांना दिवसभर उपाशी ठेवलं आणि एकाच डोंगरावर दोन-दोनदा चढवलं.

तेव्हा मी परभणीहून दिल्लीजवळच्या मानेसरला नोकरीला येऊन चारच महिने झाले होते. मोटारींचे आरसे बनवायचा आमचा कारखाना. रोज नव्या मोटारी रस्त्यावर येत होत्या आणि एकेका मोटारीला तीन-तीन आरसे लागत, त्यामुळे आमची चंगळ होती. राहायला गुडगावच्या नव्या सेक्टरात. सेक्टरला नंबर होता, घराला नंबर होता, फक्त रस्ता अजून यायचा होता.

कारखान्यात माझे दोन दोस्त. एक सेठी, दिल्लीचा पंजाबी, अंगाने भरभक्कम आणि मनाने त्याहून मोठा. दुसरा त्यागी, गाझियाबादहून रोज दोन बस बदलून येणारा, तपासणी विभागातला. आरशावरचा केसाएवढा ओरखडा त्याला दहा फुटांवरून दिसे.

कॅन्टीनच्या खिडकीतून लांब अरवलीची रांग दिसायची. एक दिवस सेठी जेवता जेवता म्हणाला, "उमरीकर, तू तो मराठा है यार. पहाड़, किले, ये सब तो तेरे ख़ून में होगा."

आता मला सांगा, तुमच्या रक्ताबद्दल कुणी इतकं चांगलं बोलत असेल तर तुम्ही नाही म्हणाल? मी म्हणालो, "बिल्कुल."

खरं सांगायचं तर परभणीत मी सगळ्यात उंच चढलो होतो ते नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर, आणि तिथूनही मला दोघांनी धरून उतरवलं होतं. पण 'बिल्कुल' बोलून गेलो. रविवारी सोहना गावाच्या पुढची तीन शिखरं एका दिवसात करायची ठरलं आणि लीडर कोण, तर मी. घरी बायकोला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "पाण्याची टाकी सांगितलीस का त्यांना?"

फेब्रुवारीतला रविवार. सकाळी सहाला सेठीच्या जुन्या गाडीतून निघालो आणि डोंगराच्या पायथ्याशी एका पिंपळाखाली गाडी लावली. तिघांचं जेवण आणि पाणी एकाच मोठ्या बॅगेत होतं. ती सेठीने पाठीवर घेतली, कारण आत त्याच्या आईने केलेले मुळ्याचे पराठे होते आणि ते तो दुसऱ्याच्या हाती द्यायला तयार नव्हता.

पहिलं शिखर मी इज्जतीत चढलो. म्हणजे दर पन्नास पावलांवर थांबून "वा, काय निसर्ग आहे" या अर्थाचं हिंदीत काहीतरी बोलायचो आणि तेवढ्यात श्वास घ्यायचो. निसर्ग म्हणजे काय, तर सगळीकडे वेडी बाभूळ. तिकडे तिला विलायती कीकर म्हणतात, पण काटे तेच. दुसऱ्या शिखरावर जाताना वाट कमरेएवढ्या दगडांतून होती, तिथे बोलणं बंद झालं. तिसऱ्याला तर शेवटचा पन्नास-साठ फुटांचा टप्पा म्हणजे सरळ उभा खडक. चार पायांवर चढलो. वर पोचलो तेव्हा इतका आनंद झाला की सेठीने मला उचलून गोल फिरवलं. जेवायचं खाली सावलीत, असं ठरलं. ठरवलं मीच. लीडर ना.

उतरताना मी आणि त्यागी त्या खडकावरून आधी घसरत घसरत खाली आलो. सेठी वरच राहिला. चढताना त्याला मागे काय आहे ते दिसलं नव्हतं, आता दिसत होतं. तो काठावर बसला आणि हलेना.

वारा मोठा होता. मी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडलो, "सेठी, डरो मत. आराम से खाली आओ."

वरून आवाज आला, "खाली?"

"हां हां, खाली आओ."

"बिल्कुल खाली?"

"बिल्कुल खाली."

मग त्याने आणखी काहीतरी विचारलं. वाऱ्यात मला नुसतं "…भी?" एवढंच ऐकू आलं. मी म्हटलं, धीर द्यावा. ओरडलो, "हां हां, वो भी."

तो बॅग काढताना दिसला, मग जॅकेट काढताना दिसला. मला वाटलं, घाबरून घाम फुटला असेल बिचाऱ्याला. मला माझाच तोल सांभाळायचा होता, म्हणून मी तोंड फिरवून पुढे उतरायला लागलो. त्यागीही माझ्यामागे निघाला. सेठी मागून सावकाश आला.

दीड तासाने तिघंही पिंपळाखाली जमलो. त्यागी मांडी घालून बसला आणि म्हणाला, "निकाल भाई, पराठे निकाल."

सेठी म्हणाला, "पराठे तो ऊपर हैं."

"ऊपर मतलब?"

"मतलब ऊपर. बैग में. लीडर ने बोला ना, खाली आओ. तो मैं खाली हाथ आ गया. मैंने पूछा भी, जैकेट भी छोड़ूँ? बोला, वो भी."

मला आधी काही कळेचना. मग कळलं, आणि पिंपळाखाली असूनही ऊन लागल्यासारखं झालं. मी समजावून सांगायला लागलो की बाबांनो, आमच्या भाषेत खाली म्हणजे नीचे, तुमच्यासारखं रिकामं नव्हे. त्यागीने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो तूने नीचे क्यों नहीं बोला?"

याला उत्तर असतं तर मी आज हे सांगत बसलो नसतो.

"चलो, कोई बात नहीं," मी म्हणालो. "गाडी काढू, पुढच्या गावात काहीतरी खाऊ."

सेठीने मान खाली घातली. "चाबी जैकेट में है."

तेव्हा मोबाइल नव्हते, आणि मुख्य रस्ता तिथून बराच लांब. दोघं आळीपाळीने शिखराकडे आणि माझ्याकडे बघायला लागले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी उठलो, बुटांच्या नाड्या बांधल्या आणि म्हणालो, "मी आणतो."

त्या चढाचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की या वेळी निसर्गाचं कौतुक करायला ऐकणारं कुणी नव्हतं, म्हणून मी थांबल्यावर नुसता रडकुंडीला यायचो. पण पोचलो. सेठीने जॅकेटची छान घडी घातली होती आणि उडू नये म्हणून तिच्यावर दगड ठेवला होता. ते पाहून मला भरून आलं. किल्ली खिशात होती. थंडी वाजत होती म्हणून जॅकेट अंगात घातलं, बॅग पाठीवर घेतली. पराठ्यांचा वास येत होता, पण शपथेवर सांगतो, एकालाही हात लावला नाही. दोस्त उपाशी असताना आपण खायचं नाही, इतकी माणुसकी माझ्यात होती. त्या वेळेपर्यंत तरी.

त्या खडकावरून एकट्याने उतरायची हिंमत होईना. बाजूने एक शेळ्यांची वाट जात होती. म्हटलं, शेळ्या काय आणि मी काय, जाणार शेवटी पायथ्यालाच. गेलोही. फक्त तो डोंगराच्या पलीकडचा पायथा होता.

समोर पिंपळाऐवजी एक तळं, तळ्यात म्हशी आणि एका घराच्या दारात शेण्या थापणारी म्हातारी. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. "के होया बेटा, राह भूल ग्या?"

मी तिला सगळं सांगितलं. "डोंगरापलीकडे दोस्त आहेत, मला लवकर जायचंय," म्हणालो. तिने हात धुतले, मला खाटेवर बसवलं आणि म्हणाली, "मेरा छोरा ट्रैक्टर तै छोड़ आवैगा. पहल्यां रोटी खा ले."

मी दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत समोर चुरमा आला. बाजरीचा, गरम, वर तूप तरंगणारं. सोबत हातभर उंच पितळी पेला भरून ताक. मी तीन पेले प्यायलो. माणुसकी तिथे संपली.

मग तिच्या मुलाच्या ट्रॅक्टरवर बसून सगळ्या डोंगराला वळसा घालत पिंपळापाशी आलो, तोवर चार वाजले होते. गाडी होती, दोस्त नव्हते. काचेवर सिगारेटच्या पाकिटाचा कागद अडकवलेला, त्यावर त्यागीचं कोरीव अक्षर: 'तुझे ढूँढने ऊपर जा रहे हैं. आ जाए तो यहीं रुकना.'

वर पाहिलं. तिसऱ्या शिखरावर दोन ठिपके हलत होते. वाऱ्यावर बारीक आवाज येत होता, "उमरीकर…"

मी ओरडून पाहिलं, पण त्यांना काही ऐकू गेलं नाही. मग गाडी उघडली आणि हॉर्नवर हात दाबून धरला. म्हातारीचा मुलगाही ते येईपर्यंत माझ्या सोबतीला थांबला. बऱ्याच वेळाने ठिपके थबकले आणि उतरू लागले.

ते पोचले तेव्हा सूर्य टेकला होता. त्यागीची पँट गुडघ्यापर्यंत फाटलेली. सेठी नुसत्या शर्टावर कुडकुडत होता, त्याचं जॅकेट माझ्या अंगात होतं. मला वाटलं, आता हा मारणार. पण त्याने धावत येऊन मला मिठीच मारली. डोळ्यांत पाणी होतं. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हमने सोचा तू किसी खड्डे में गिर गया. भाभी को क्या मुँह दिखाते?"

इतकी चांगली माणसं, आणि मी काय करून ठेवलं. त्यागीने बॅग उघडून पराठे मोजले. सगळे जागच्या जागी. तो माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहत म्हणाला, "सुबह से कुछ खाया नहीं तूने?"

"तुम्हारे बिना कैसे खाता, यार," मी म्हणालो.

आणि नेमका तेव्हाच तीन पेले ताक पोटातून वर आलं. असा ढेकर आला की ट्रॅक्टर वळवून परत निघालेल्या त्या म्हातारीच्या मुलानेही मागे वळून पाहिलं.

सेठीने मिठी सैल केली. थोडं मागे सरून माझ्या तोंडाजवळ हुंगलं.

"चूरमा?" त्याने विचारलं.

मी मान डोलावली. "देसी घी का."