‘लावा मला वायरी’ म्हणालो तेव्हा

मी बोलायला लागलो की काष्टीच्या बाजारात बैल घेऊन आलेला माणूस बैल विकायचा विसरतो. आमच्या भागात कुणालाही विचारा. जत्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्यात माईक माझ्या हातात असतो, लग्नात वरातीआधी मला शोधायला पोरं सुटतात, आणि दहाव्यालासुद्धा लोक माझ्या शेजारची जागा धरतात — तेवढंच जरा हसू येईल म्हणून. पोटात काही राहत नाही माझ्या. पण एक राहिलंय. बायकोला सांगितलेलं नाही. देवाला तर नाहीच नाही — तो तेव्हा तिथंच होता.

आता तुम्ही बसलाच आहात तर... थांबा. आधी सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगतो. ती माझी फार आवडती आहे. म्हणजे — सांगायला आवडती.

आमच्या गावच्या भैरोबाचा चांदीचा मुखवटा वर्षभर देवळातल्या लोखंडी कपाटात असतो. जत्रेला, छबिन्याच्या पालखीत, तेवढाच बाहेर निघतो. कपाटाची चावी बाळू पुजाऱ्याच्या कमरेला, करदोड्याला बांधलेली. ती कमरेवरून उतरवायची नाही, हा त्यांच्या घरातला आजोबा-पणजोबांपासूनचा नेम. अंघोळीला चावी, बाजाराला चावी. लग्नात बाळूला हळद लागली ती चावीसकट. मी होतो ना तिथं! आम्ही एका वर्गातले, एका वयाचे; त्याच्या पिवळ्या चावीवर मी तेव्हा जे काही बोललो ते इथं सांगता येणार नाही.

तर गेल्या वर्षी जत्रा तोंडावर आली आणि मुखवटा गेला. कपाट फोडलेलं नव्हतं, कुलूप तोडलेलं नव्हतं. मग चावीवाल्यावर संशय येणारच. आणि माझ्यावरही आला, कारण मुखवटा गेला त्या दुपारी देवळातून बाहेर पडताना चहाच्या हॉटेलातल्या लोकांनी मला पाहिलं होतं. मी म्हणालो, पाया पडायला गेलो होतो. आम्हाला दोघांना पोलीस ठाण्यात एकाच बाकावर बसवून ठेवायचे. फौजदार तरुण, बोलायला मऊ. एका सकाळी तो गावात आला, देवळाच्या सभामंडपात सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, तुमची दोघांची तयारी असेल तर खोटं पकडायच्या मशीनवर तपासणी करू. छातीला पट्टे, बोटांना वायरी, आणि साधे प्रश्न. सक्ती नाही. न्यायाधीशासमोर तुमची संमती लागते. नाही म्हणालात म्हणून कायदा तुम्हाला चोर म्हणत नाही.

कायदा म्हणत नाही — पण गाव?

बाळू उठला. खाली बघत म्हणाला, “मी न्हाई बसनार, साहेब.”

मग मी उठलो. उपरणं झटकलं. आवाज असा लावला की कळसावरची कबुतरं उडाली: “लावा मला वायरी! बोटांना कशाला, जिभेला लावा! भैरोबासमोर सांगतो, आत्ता न्या!”

टाळ्या! कुणी शिट्टी मारली. एका म्हातारीनं माझ्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मागून आवाज आला, “ह्याला म्हनत्यात छाती!”

ही झाली सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. मी ती अनेकदा रंगवून सांगितली आहे. बाळूचा तो खाली बघून काढलेला आवाज मी हुबेहूब काढतो. लोक मांडीवर थापा मारून हसतात.

आता उरलेली.

त्या दुपारी देवळात कुणी नव्हतं. उन्हानं फरशी तापलेली. मला जत्रेच्या फ्लेक्ससाठी मुखवट्याचा नवा फोटो हवा होता — देव मधे आणि कोपऱ्यात हात जोडून, फेटा बांधून मी. खरं म्हणजे कोपऱ्यात नको होतो मी. शेजारी हवा होतो. बाळूला जेवायला घरी जायचं होतं. मी चावी मागितली. तो म्हणाला, “आरं, कमरंची उतरवायची नसती.” मी म्हणालो, अर्ध्या तासात काय आभाळ कोसळतंय का? चार विनोद केले. तो हसला. आणि हसता हसता त्यानं करदोड्याची गाठ सोडली. माणसाला हसवलं की त्याच्याकडून काय काय काढून घेता येतं — हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार?

फोटो काढले. मुखवटा कपाटात ठेवला. तेवढ्यात हॉटेलातून हाक आली — “रावसाहेब, या की! त्या बैलाची सांगा!” बाहेरगावची माणसं बसली होती, नवे कान! मी कपाटाचं दार लोटलं, कुलूप कडीत नुसतं अडकवलं, दाबलं नाही. येऊन लावू, म्हटलं. बैलाची सांगितली. मग दुसरी मागितली. मग तिसरी. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी रंगात आलो की घड्याळ बघत नाही. तिथूनच बाळूच्या घरी गेलो आणि चावी दिली. त्यानं विचारलं, “लावलंस ना रे?”

मी म्हणालो, “लावलं.”

दिवेलागणीला तो गेला तेव्हा कुलूप कडीत उघडं लोंबत होतं आणि कपाट रिकामं. तो काय समजायचं ते समजला. फौजदारानं माझ्यासमोरच त्याला विचारलं, चावी कुणाला दिली होती का? बाळूनं माझ्याकडे पाहिलं. मी — मी गाभाऱ्याकडे पाहिलं. बाळू म्हणाला, “न्हाई. माझ्या कमरंलाच हुती. कुलूपबी मीच लावलं हुतं.”

त्याच संध्याकाळी मी मोबाईलमधले फोटो पुसले. एकात माझा चेहरा आणि देवाचा चेहरा शेजारी शेजारी होते. तो पुसायला बोट जरा अडखळलं. चांगला आला होता हो फोटो!

मशीनची, आणि फौजदार गावासमोर विचारणार याचीही, कुणकुण ठाण्यातच लागली होती. सभेच्या आदल्या दिवशी बाळू माझ्या गोठ्यात आला. उभाच राहिला. म्हणाला, “रावशा, तुझ्यापायी एकदा खोटं बोललो ते बोललो. मशीनपुढं न्हाई जमायचं. बसलो तर तुझं नाव निघंल. काय करू, तू सांग.”

तू सांग! तुम्ही माझ्या जागी असता तर काय सांगितलं असतं? नका सांगू. मी काय सांगितलं ते ऐका. मी म्हणालो, आपण दोघंही नाही म्हणू. दोघांनी एकदम नाही म्हटलं तर गाव कुणा एकाला धरणार नाही. आधी तू ऊठ, मागोमाग मी उठतो. त्याला पटलं. त्यानं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, “तू हाय म्हून बरं हाय.”

आणि बाळू गोठ्यात येण्याच्या आदल्याच दिवशी मी श्रीगोंद्याला माझ्या वकील भाच्याकडे जाऊन आलो होतो. भाचा म्हणाला होता, “मामा, तुमच्या हृदयात स्टेंट हाय. डॉक्टरचा कागद लावला की तुम्हाला मशीनवर बसवायचे न्हाईत. खुशाल हो म्हना.”

म्हणजे बाळूला ‘नाही’ म्हणायला शिकवत होतो तेव्हा माझा ‘हो’ खिशात तयार होता. उठल्यावर सुचलं, असं नाही. टाळ्यांच्या भरात बोललो, असंही नाही. उपरणं कुठं झटकायचं ते मी घरी आरशासमोर ठरवून आलो होतो. आधी त्याला उठायला लावलं, तेही मुद्दाम — त्याच्या पडक्या आवाजावर माझा आवाज चढवायला. हगाम्यात मोठी कुस्ती मागाहून लावतात, तसं.

टाळ्या पडल्या तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. त्यानं तोंड उघडलं असतं तर माझं सगळं संपलं असतं. मी उपरणं पुन्हा झटकलं; लोकांना वाटलं आवेश. त्यानं तोंड उघडलं नाही. आणि मला — हेच ते, जे कुणाला सांगितलं नाही — मला तेव्हा बरं वाटलं. सुटलो म्हणून नव्हे. टाळ्या चांगल्या पडल्या म्हणून.

डॉक्टरचा कागद लागला, मला कुणी नेलं नाही. मुखवटा सापडला नाही. देवळाच्या कमिटीनं बाळूची पूजा काढून त्याच्या चुलत भावाला दिली, चावीही घेतली. हॉटेलावरून तो गेला की कुणीतरी विचारतंच, “बाळूबुवा, मशीन लई चटकं देतंय का ओ?” हे वाक्य मुळात माझं. गोष्ट सांगताना शेवटी टाकतो मी.

यंदा जत्रा झाली. नवा मुखवटा केला आहे, आधीच्याहून लहान. हगाम्याच्या सुरुवातीला मानाचा नारळ पुजाऱ्याला द्यायचा असतो. नाव मी पुकारतो. बाळू पुढच्या रांगेत, मातीत मांडी घालून बसला होता. मी माईक तोंडाजवळ नेला, “आपल्या भैरोबाचे पुजारी —” असं म्हणालो, आणि माझ्या सवयीनं, जरा रंगत यावी म्हणून, थांबलो. तेवढ्यात त्याचा हात सदऱ्याखाली कमरेकडे गेला. चाचपला. तिथं काही नव्हतं. त्यानं हात काढून मांडीवर ठेवला आणि वर, माझ्याकडे बघितलं.

मी त्याच्या चुलत भावाचं नाव पुकारलं. खणखणीत. सगळ्यांबरोबर बाळूनंही टाळ्या वाजवल्या.